बदलायचे होते दोन बाइट: इरेजर कोडिंगवर ठेवलेल्या ५.९ टीबी नकाशांची दुरुस्ती, नागपूर

आमचं काम छोटं आहे. ड्रोनने शेतांचे, मुख्यतः संत्र्याच्या बागांचे फोटो घ्यायचे, ते जोडून नकाशा करायचा आणि झाडं मोजून द्यायची. नकाशे आमच्याच ऑब्जेक्ट स्टोरेजवर राहतात, म्हणजे प्रत्येक फाईल तिथे एक अखंड 'वस्तू' म्हणून ठेवलेली असते. त्यासाठी सहा जुनी मशीनं आहेत, प्रत्येकात ४ टीबीच्या तीन डिस्क, आणि वर सेफ ही मुक्त प्रणाली (रीफ, आवृत्ती १८.२). साठवण ४+२ इरेजर कोडिंगची आहे: प्रत्येक माहितीचे चार तुकडे आणि त्यांवरून काढलेले दोन पॅरिटी तुकडे, सहाही वेगवेगळ्या मशीनवर. कुठलेही दोन गेले तरी उरलेल्या चारांवरून सगळं परत मिळतं. तीन-तीन प्रती ठेवायला तिप्पट जागा लागली असती, इथे दीडपट लागते. म्हणून तीन वर्षांपूर्वी हे घेतलं.

अशा साठवणीत आधीच ठेवलेली फाईल दुरुस्त करायची वेळ कुणावर आली, तर पुढच्या नोंदी कामी येतील. आम्हाला चार आठवडे लागले. त्यातला निम्मा वेळ माझ्या चुकांत गेला, त्या चुका इथे आहेत तशा लिहिल्या आहेत.

६ मे २०२४, सोमवार

सकाळी आल्याआल्या धाकट्या सहकाऱ्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ताई, कळमेश्वरच्या बागा गुजरातेत काहून दिसून राहिल्या?"

खरंच सुरतेजवळ दिसत होत्या. काटोलच्या त्याहून पश्चिमेला, पार समुद्राच्या काठाला. सगळं बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकलेलं. सहा अंश म्हटल्यावर कारण शोधावं लागलं नाही, कारण यूटीएम या नकाशाच्या मोजपद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडतात आणि एक पट्टा सहा अंशांचाच असतो. ७८ पूर्व रेखांशाच्या अलीकडे ४३ वा पट्टा, पलीकडे ४४ वा. अमरावती शहर ४३ मध्ये येतं, नागपूर ४४ मध्ये. गेल्या वर्षी चांदूर बाजारच्या कामाला लिहिलेली स्क्रिप्ट मी या वर्षी तशीच वापरली होती. जीडाल या नकाशे हाताळणाऱ्या साधनाच्या ट्रान्सलेट आज्ञेला त्यात ३२६४३ हा, ४३ व्या पट्ट्याचा, संकेतांक ठोकून दिलेला होता. 'ए_एसआरएस' या पर्यायाने चित्रातले आकडे बदलत नाहीत, फक्त वरची चिठ्ठी बदलते. म्हणजे आकडे ४४ व्या पट्ट्याचे आणि चिठ्ठी ४३ ची.

चूक पूर्णपणे माझी आहे. जिल्ह्याच्या नावावरून पट्टा ठरवायची सवयही माझीच. वरूड अमरावती जिल्ह्यात आहे, पण पट्टा ४४. जिल्हा बघून चालत नाही, रेखांशच बघावा लागतो.

मोजणी केली: १,१८४ फाइली, एकूण ५.९ टीबी, सरासरी ५ जीबीची एक. मृग बहार धरणाऱ्या बागा सध्या ताणावर आहेत, म्हणजे त्यांचं पाणी तोडलेलं आहे. पाऊस लागायच्या आत झाडांची मोजणी शेतकऱ्यांच्या हाती द्यायची आहे. साधारण महिना आहे.

७ मे, मंगळवार

एका फाईलमध्ये नेमकं किती चुकलं आहे ते बघितलं. जिओटिफ म्हणजे जागेची माहिती सोबत ठेवणारी चित्राची फाईल. तिच्या ३४७३५ क्रमांकाच्या टॅगमध्ये ३०७२ या किल्लीपुढे ३२६४३ लिहिलेलं असतं. ३२६४३ म्हणजे १२७ गुणिले २५६ अधिक १३१. त्या १३१ चे १३२ केले की ३२६४४. शेजारच्या मजकुराच्या टॅगमध्ये 'झोन ४३ एन' असं लिहिलेलं आहे, तिथे ३ च्या जागी ४. पाच जीबीच्या फाईलमध्ये दोन बाइट, लांबीत काही फरक नाही. वाटलं, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

आरक्लोन या फाइलींची ने-आण करणाऱ्या साधनाने चाचणीची बकेट (वस्तू ठेवायची पेटी) डिस्कसारखी माउंट केली, लिहिण्याची कॅश चालू ठेवली आणि जीडाल-एडिट फिरवलं. ५.२ जीबीच्या फाईलला अडीच मिनिटं लागली. नेटवर्कचा आलेख बघितला तेव्हा कळलं काय चाललंय ते. माउंट डिस्कसारखं दिसतं, पण खाली एस-थ्री, म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेजशी बोलायची ठरलेली पद्धत, आहे आणि एस-थ्रीत 'इथून इथे एवढेच बाइट बदल' अशी आज्ञाच नाही. वस्तू ठेवता येते, काढता येते, नवी ठेवून जुनी झाकता येते. म्हणून आरक्लोन अख्खी फाईल खाली आणत होतं, दोन बाइट बदलून अख्खी परत वर चढवत होतं. १,१८४ फाइलींना सलग ४९ तास, तेही दिवसभर सगळे वापरतात त्याच एक गिगाबिटच्या तारेवरून.

आणखी दोन अडचणी. कॅशमधली फाईल तासभर ठेवायची हे आरक्लोनचं डीफॉल्ट, त्यामुळे पंचविसाव्या फाईलच्या आसपास माझ्या मशीनची डिस्क भरली. आणि जीडाल-एडिटने इशारा दिला की टॅगांची यादी फाईलच्या शेवटी नव्याने लिहिली गेली, सीओजीची (वेबवरून तुकड्यातुकड्याने वाचता येणाऱ्या जिओटिफची) रचना मोडली. आमच्या वेब-नकाशाला ती यादी सुरुवातीलाच लागते. हा रस्ता सोडला.

९ मे, गुरुवार

सहकारी म्हणाला, "वरून होत नाही तर खालून करून पाहू न ताई. शेवटी डिस्कवरच पडून आहे सगळं."

प्रश्न रास्त होता, म्हणून अख्खा दिवस दिला. सेफमध्ये एस-थ्रीचं दार, म्हणजे एस-थ्रीच्या मागण्या घेणारा भाग, खालच्या थरात (रॅडोसमध्ये) फाईल ४ एमबीच्या वस्तूंत कापून ठेवतं. ५ जीबीच्या एका फाईलच्या साधारण बाराशे वस्तू होतात. आपले दोन्ही बाइट पहिल्याच वस्तूत आहेत. ती रॅडोसच्या आज्ञेने उतरवली, बाइट बदलले आणि तेवढाच भाग त्याच जागी लिहायला गेले. उत्तर आलं: ही क्रिया चालत नाही.

कारण इरेजर कोडिंगच्या पूलमध्ये (साठवणीच्या विभागात) मूळ सोय दोनच गोष्टींची असते, पूर्ण वस्तू लिहिणं किंवा शेवटी जोडणं. मधला भाग बदलायचा तर 'अलाउ ईसी ओव्हरराइट्स' हा झेंडा लावावा लागतो. २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीपासून तो आहे आणि त्याला खाली ब्लूस्टोअर (सेफचा डिस्कवर लिहिणारा थर) लागतं. झेंडा एकदा लावला की काढता येत नाही, म्हणून फक्त चाचणीच्या पूलवर लावला. मग लिहिणं झालं.

पण दोन बाइटांसाठी काय काय हललं ते मोजलं. आमची पट्टी १६ केबीची आहे, ४ केबीचे चार तुकडे. एक बाइट बदलला की आधी ती पट्टी वाचली जाते, दोन्ही पॅरिटी नव्याने काढल्या जातात आणि सहाही मशीनांवर तुकडे लिहिले जातात. पॅरिटी चारही तुकड्यांच्या मिश्रणातून बनलेली असते. एक तुकडा बदलून तिला हात लावला नाही तर आज काहीच बिघडलेलं दिसणार नाही, पण डिस्क जाईल त्या दिवशी उरलेल्यांवरून चुकीचा तुकडा उभा राहील. तेव्हा सेफ हा सगळा व्याप करतं ते योग्यच आहे, आणि १६ केबीसाठी तो व्याप जडही नाही.

अडलं दुसरीकडे. एस-थ्रीमधून तीच फाईल मागितली तर मजकूर नवा आला, ईटॅग (मजकुरावरून काढलेली फाईलची खूण) मात्र जुनाच. दाराला न विचारता आतलं सामान बदललं, दाराच्या वहीत नोंद झाली नाही. उद्या कुणी त्या ईटॅगवर भरवसा ठेवून पडताळणी केली तर १,१८४ फाइली खराब ठरतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे बदललेल्याच नाहीत असं ठरेल. शिवाय आवृत्त्यांची नोंद नाही, परतीचा रस्ता नाही. खालून काम करायचं नाही असं ठरवलं. चाचणीचा पूल पुसून टाकला. दिवस गेला, पण गेला त्याचं वाईट वाटलं नाही.

११ मे, शनिवार

आज रस्ता सापडला. एस-थ्रीत मोठी फाईल भागाभागांनी चढवता येते, आणि एखादा भाग चढवण्याऐवजी 'अमुक वस्तूच्या या बाइटपासून या बाइटपर्यंत उचल' असंही सांगता येतं. म्हणजे नवी फाईल अशी रचायची: पहिला भाग ८ एमबीचा, मी उतरवून, दुरुस्त करून चढवलेला. बाकीचे ५१२ एमबीचे भाग सर्व्हरने जुन्या फाईलमधून स्वतः उचललेले. शेवटचा सोडून कुठलाही भाग ५ एमबीपेक्षा लहान चालत नाही आणि ५ जीबीपेक्षा मोठा चालत नाही. आपण दोन्ही मर्यादांच्या आत आहोत.

हिशेब: माझ्या तारेवरून ५.९ टीबी दोन्हीकडे न्यायच्या ऐवजी साडेनऊ जीबीच्या आसपास. क्लस्टरचं, म्हणजे सहा मशीनांच्या गटाचं, काम मात्र कमी होत नाही. तिथे सगळं पुन्हा वाचलं जातं, पुन्हा कोड होतं, पुन्हा लिहिलं जातं. पण मशीनांच्या मधलं जाळं वेगळं आणि दहापट वेगाचं आहे.

पहिल्या आठ एमबीत १३१-१२७ ही जोडी आंधळेपणाने शोधायची नाही हे लगेच कळलं. टाइलांच्या (चित्राच्या चौकोनी तुकड्यांच्या) पत्त्यांच्या यादीत तीच जोडी सापडली होती. टॅग वाचत जाऊनच नेमकी जागा काढली. ४ जीबीच्या वरच्या फाइलींचा मथळा वेगळा असतो, पत्ते आठ बाइटांचे, ते वेगळं हाताळलं.

एक फाईल करून बघितली, नकाशा कळमेश्वरवर उतरला. सहकाऱ्याने तर्री-पोहे मागवले.

१३ मे, सोमवार

आनंद घाईचा होता.

काल रात्री २३ खऱ्या फाइली करून घेतल्या. जीडाल-इन्फोने सगळ्यांवर बरोबर पट्टा दाखवला, नकाशेही जागेवर दिसले. दुपारी सहकारी झाडं मोजायला बसला आणि अगदी जवळ गेल्यावर चित्राच्या ठिकऱ्या झालेल्या दिसल्या. दुरून नीट, जवळून तुटलेलं.

फाईलचा आकार तपासला, मूळ फाईलपेक्षा ९ बाइट जास्त. मग उलगडलं. भाग उचलताना दिलेल्या पल्ल्यातला शेवटचा बाइटही धरला जातो. मी उचलायचा पहिला भाग ८३८८६०८ ते ५४५२५९५२० असा दिला होता, तो ५४५२५९५१९ ला संपायला हवा होता. प्रत्येक सांध्यावर एक बाइट दोनदा येत होता आणि त्यापुढची प्रत्येक टाइल एकेक बाइट सरकत होती. सीओजीमध्ये लहान केलेली चित्रं आधी असतात आणि पूर्ण तपशिलाचं चित्र शेवटी, म्हणून दुरून काही कळलं नाही. मथळा तर पहिल्याच भागात होता, जीडाल-इन्फो पास होणारच.

बकेटवर आवृत्त्या ठेवण्याची सोय चालू होती, म्हणून २३ ही जुन्या फाइली जिवंत होत्या. नसती तर ड्रोनचं काम पुन्हा करावं लागलं असतं, आणि ताणावरच्या झाडांचा मे महिन्यातला फोटो जूनमध्ये मिळत नाही.

आता प्रत्येक फाईलनंतर तीन तपासण्या: आकार बाइटला बाइट तोच हवा, प्रत्येक सांध्याभोवतीचे ६४ केबी जुन्या आणि नव्या आवृत्तीतून वाचून जुळवायचे, आणि पूर्ण तपशिलाच्या चित्राच्या तळाच्या कोपऱ्यातली एक टाइल उघडून बघायची. तळाचाच कोपरा, कारण घसरण झाली असेल तर ती तिथे नक्की दिसते.

१५ मे, बुधवार

दोन दुरुस्त्या. गावाचं नाव, उड्डाणाची तारीख ही माहिती आम्ही वस्तूच्या मेटाडेटात ठेवतो. भागाभागाने नवी वस्तू रचली की ती आपोआप येत नाही, सुरुवातीलाच पुन्हा द्यावी लागते. वेबवरची गावांची यादी रिकामी दिसली तेव्हा लक्षात आलं.

दुसरी: ड्रोन उडवणारे दादा दिवसा नवे नकाशे त्याच नावाने चढवतात. माझी स्क्रिप्ट डोकं जुन्या फाईलचं आणि धड नव्या फाईलचं लावू शकली असती. आता सुरुवातीला आवृत्तीचा क्रमांक धरते आणि सगळे भाग त्याच क्रमांकावरून उचलते.

रात्री नऊला पूर्ण काम लावलं, एका वेळी चार फाइली.

१६ मे, गुरुवार

सकाळी ६१२ फाइली झालेल्या आणि क्लस्टर पिवळ्यावर. तीन डिस्क ८५ टक्क्यांच्या वर, म्हणजे 'जवळपास भरल्या'.

काल काम लावताना क्लस्टर सरासरी ७४ टक्के भरलेला होता, सगळ्यात भरलेली डिस्क ७९ ला. ५.९ टीबीची नवी प्रत, जुनी आवृत्ती तशीच, त्यावर दीडपट, म्हणजे जवळजवळ ९ टीबी जादा, ७२ टीबीच्या एकूण जागेत. हा गुणाकार मी कागदावर केलाच नव्हता. डोक्यात 'दोन बाइट बदलतोय' एवढंच होतं.

काम थांबवलं. थांबवताना अर्धवट राहिलेल्या आणि आधीच्या चाचण्यांतल्या मिळून ९ अपुऱ्या चढवण्या लोंबकळत होत्या. त्या साध्या यादीत दिसत नाहीत, पण जागा खातात. शोधून रद्द केल्या. जुन्या आवृत्त्या पुसायला शनिवारी बसायचं ठरवलं. आजच बसायला हवं होतं.

१८ मे, शनिवार

दुपारी दीडला भागातली वीज गेली. मशीनं यूपीएसवर चालतात, एसी चालत नाही. बाहेर ४४ अंश. अर्ध्या तासात चौथ्या मशीनच्या मधल्या डिस्कचं तापमान ५७ झालं आणि ती गेली. मी मानेवाड्याला घरी जेवत होते. फोन बघितला तोवर १४ मिनिटं झाली होती. सेफ दहा मिनिटं वाट बघतं, मग डिस्क परत येणार नाही असं धरून तिच्यावरचे तुकडे दुसरीकडे बांधायला घेतं.

एरवी हेच हवं असतं. पण आमची मशीनं सहा आणि तुकडेही सहाच. प्रत्येक मशीनवर एक तुकडा असलाच पाहिजे, म्हणून गेलेल्या डिस्कचे तुकडे त्याच मशीनच्या उरलेल्या दोन डिस्कवरच जाऊ शकतात. तीन डिस्क ८० टक्के भरलेल्या, म्हणजे २४०. ते दोनांत घालायचे तर प्रत्येकी १२०. मावणारच नाही. ९० टक्क्यांना सेफ नवं घेणं थांबवतं, तसं ते थांबलं, आणि दोन्ही डिस्क काठोकाठ भरून बसल्या.

ऑफिसला पोचून आधी 'नोआउट' लावलं आणि मेलेल्या डिस्कला परत 'आत' घेतलं, म्हणजे तिच्या जागा तिच्याच नावावर राहतात आणि हलवाहलव थांबते. मग एसीला जनरेटर. वाचणं-लिहिणं चालू राहिलं, कारण सहापैकी पाच तुकडे जिवंत होते आणि आमच्या पूलला निदान पाच लागतात. आणखी एक मशीन गेलं असतं तर माहिती चार तुकड्यांत शाबूत राहिली असती, पण काम बंद पडलं असतं.

रात्री शांतपणे हिशेब केला तेव्हा जाणवलं की हे या दुरुस्तीमुळे झालं नाही. सहा मशीन, प्रत्येकी तीन डिस्क, अशा रचनेत ६० टक्क्यांच्या वर गेलं की एका डिस्कची जागा भरून निघू शकत नाही. आम्ही तो आकडा कधीच ओलांडला होता. कागदावर ७२ टीबी, दीडने भागून ४८ टीबी वापरता येतील, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले. खरा आकडा २९ च्या जवळ आहे. मशीनं सहाच्या वर असती तर तुकड्यांना दुसरीकडे जायला जागा मिळाली असती. असं काही उभारणाऱ्याला माझी विनंती आहे की क+म (माहितीचे तुकडे अधिक पॅरिटीचे तुकडे) इतकीच मशीनं घेऊ नका, निदान एक जादा घ्या.

२० मे, सोमवार

बर्डीवरून ४ टीबीची नवी डिस्क, ११,५०० रुपये. शनिवारच्या जनरेटरचे ३,२०० वेगळे. डिस्क घालून भरणी सुरू केली.

२२ मे, बुधवार

भरणीला ३१ तास लागले. नव्या डिस्कवर ३.२ टीबी लिहायचे, आणि प्रत्येक तुकड्यासाठी दुसऱ्या मशीनांवरचे चार तुकडे वाचायचे, म्हणजे वाचन १२.८ टीबी. प्रती ठेवल्या असत्या तर ३.२ च वाचले असते. दीडपट जागेत भागवल्याची किंमत अशा दिवशी वसूल होते. भरणी चालू असताना पुसापुशी केली नाही, क्लस्टरला एकच काम दिलं.

मग तपासून झालेल्या ६१२ फाइलींच्या जुन्या आवृत्त्या क्रमांक देऊन पुसल्या. जागा एक टक्काही सुटली नाही. तासभर घाबरले होते. एस-थ्रीचं दार पुसलेल्या वस्तू किमान दोन तास कचऱ्यात ठेवतं, मग उचलतं. कचरा उचलण्याची आज्ञा 'सगळं धरून' दिली तेव्हा आकडा खाली यायला लागला. रात्रीपर्यंत पुन्हा ७४.

२५ मे, शनिवार

आजपासून नवतपा. उरलेल्या ५७२ फाइली रोज रात्री ९५-९६ अशा घेतो आहोत: दुरुस्त करा, तीन तपासण्या, जुनी आवृत्ती पुसा, कचरा उचला, मगच पुढची रात्र. एका वेळी जादा जागा जेमतेम एक टक्का. आधी अकरा-बारा तासांचं वाटलेलं काम असं सहा रात्रींचं झालं, पण झोप लागते. वाळ्याचा कूलर सर्व्हरच्या खोलीत ठेवायचा सल्ला दोघांनी दिला. ठेवला नाही, ओलावा डिस्कला चालत नाही. दुसरा एसी भाड्याने आणला, महिन्याला २,८००.

३१ मे, शुक्रवार

पहाटे शेवटची रात्र संपली. १,१८४ पैकी १,१८१ झाल्या. तीन फाइली जुन्या पद्धतीच्या निघाल्या, टॅगांची यादी शेवटी असलेल्या. त्या अख्ख्या उतरवून, नव्याने सीओजी करून चढवल्या.

काल शहरात एका केंद्रावर पारा ५६ अंशांवर गेल्याची बातमी सगळीकडे फिरली, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आमच्या खोलीतला तापमापक २७ दाखवत होता. मी दुसरा शेजारी ठेवून ताडून बघितला.

३ जून, सोमवार

सगळं संपलं असं धरून बॅकअपकडे गेले. दुसऱ्या जागी एका साध्या मशीनवर, साध्या फाइलींच्या रूपात प्रत असते, रोज रात्री आरक्लोन ती जुळवतं. दोन बाइट बदललेल्या १,१८१ पैकी एकही नवी फाईल तिथे गेलेली नव्हती. वेळ वाचावा म्हणून मी 'फक्त आकार बघ' असं सांगून ठेवलं होतं. दुरुस्तीत आकार बदललाच नाही, आणि तो बदलू नये म्हणून तर मी एवढा जीव काढला. उद्या आग लागून बॅकअपवरून परत आणलं असतं तर बागा पुन्हा सुरतेला गेल्या असत्या. तो पर्याय आज काढला.

५.९ टीबी पुन्हा पाठवायची गरज नव्हती. तिथे साधी फाइल सिस्टीम आहे, जागेवर जाऊन लिहिता येतं. तीच टॅग वाचणारी स्क्रिप्ट, चढवण्याचा भाग काढून, तिथे चालवली. १,१८१ फाइली ९ मिनिटांत झाल्या. नव्याने सीओजी केलेल्या तिन्हींचा आकार बदलला होता, त्या आधीच गेल्या होत्या. मग क्लस्टरवरच्या ६० फाइली पूर्ण वाचून बॅकअपशी ताडल्या, ६० ही जुळल्या.

आतापर्यंतचा रोख खर्च १७,५०० रुपये. सातव्या मशीनचा अर्ज हिशेब बघणाऱ्या काकांच्या टेबलावर आहे. त्यासोबत १८ मेचा १२० टक्क्यांचा गुणाकार जोडला आहे.

संध्याकाळी काटोलच्या बागेचे मालक आले होते. नकाशावर त्यांनी आधी झाडं बघितली नाहीत, विहीर शोधली. "हे पाहा, बरोब्बर जागेवर आहे," म्हणाले आणि मग झाडांची यादी मागितली.